सोमवारी एकोणसत्तर, शनिवारी नऊ

आमच्याकडे कपडे किलोवर जातात.
सोमवारी गाठोडी फुटतात तेव्हा एकोणसत्तर झ्लॉटी,
मंगळवारी छप्पन्न, बुधवारी बेचाळीस,
असा भाव जिना उतरत उतरत
शनिवारी नऊवर येऊन टेकतो.
उरलंसुरलं चिंध्यांच्या ट्रकात.
काट्यावर मी बसते. अकरा वर्षं झाली.
नवऱ्याच्या वजनाचा मला अंदाज नाही,
पण लोकरी स्वेटर हातात आला की सांगते:
चारशे वीस ग्रॅम.

वूच शहरात गिरण्या चालत होत्या तेव्हा
गेनोवेफाबाई मागावर होत्या, सत्तावीस वर्षं.
आता त्या गिरणीत सिनेमा आहे, केकचं दुकान आहे,
आणि बाई दर सोमवारी माझ्या दारात,
कुलूप निघायच्या आधी.
सोमवारी घेत काही नाहीत, नुसता हात लावतात.
चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले,
हँगरांच्या ओळीतून बोटं चालतात:
नायलॉन. नायलॉन. खोटी लोकर.
ही खरी, पण कुणीतरी गरम पाण्यात मारली बिचारीला.

मार्चमधल्या एका सोमवारी बोटं थांबली.
बाटलीच्या काचेसारखा हिरवा कोट,
आतल्या खिशाशी कुणाच्या तरी नावाची पट्टी उसवलेली,
टाक्यांची भोकं तेवढी शिल्लक.
बाईंनी नखाने कड उलटली,
ताणा पाहिला, बाणा पाहिला,
आणि कोट नेऊन लपवला
लहान मुलांच्या स्की-पँटींच्या मागे.

मी पाहिलं नाही, असं मी ठरवलं.
इथे शनिवारपर्यंत निम्मा माल लपलेलाच असतो.

मंगळवारी सोलोमिया आली, पार्सलांच्या गोदामातली
रात्रपाळी संपवून, डोळे चुरचुरत.
तेर्नोपिलहून आल्यापासूनचं तिचं तेच पातळ जाकीट.
तिला कोट कसा सापडला, देव जाणे.
घालून पाहिला, काट्यावर ठेवला: दोन किलो तीनशे.
मनातल्या मनात गुणाकार केला
आणि कोट नवरीच्या झग्यांत खोचून गेली.
बुधवारी बाईंनी तो हुडकला, पडद्यांच्या ढिगाखाली घातला.
गुरुवारी पुन्हा झगे. शुक्रवारी पुन्हा पडदे.
दोघींची गाठ एकदाही नाही.
माझी मात्र फुकट करमणूक.

शनिवारी आरशापुढे सोलोमिया, अंगात कोट.
मागून बाई आल्या.
"कसा दिसतो, आजी?" तिने मोडक्या पोलिशमध्ये विचारलं.
बाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. सावकाश.
"खांदे पडलेत. आणि हा रंग तुझा चेहरा खातो."
चेहरा तर उजळला होता. मला काट्यावरून दिसत होतं.
पोरीने कोट काढला, एक घोंगडी घेतली, गेली.
बाईंनी वीस झ्लॉटी सत्तर मोजले, शेवटचं नाणं अस्तरातून काढून,
आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडल्या.

सोमवारी त्यांनी कशालाच हात लावला नाही.
"ती पोरगी कधी येते?"
"मंगळवारी."
मंगळवारी बूट घालून बघायच्या स्टुलावर
त्या सकाळपासून बसून होत्या, मांडीवर पिशवी.
कोट निघाला तेव्हा खांद्यातून दोन बोटं कमी केलेला,
बाह्या आत वळवलेल्या, गुंडी सरकवलेली.
माप कधी घेतलं? त्या एका चकरेत?
म्हणजे शनिवारीच ठरलं होतं,
की रविवारी झोप लागली नाही?
मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं, असंही नाही.

सोलोमियाने घातला. गप्प झाली. मग म्हणाली, "किती?"
"काट्यावर ठेव," बाई म्हणाल्या.
दोन किलो दोनशे साठ.
"शनिवारचा भाव."
मी हिशेब केला: वीस झ्लॉटी चौतीस.
शिवणावळ धरू का, मी डोळ्यांनी विचारलं.
बाईंनी नाक मुरडलं.
तिने मोजून दिले, यांनी मोजून घेतले,
चार ग्रोशांसाठी माझ्याकडून सुट्टे मागितले.

बाहेर ओला बर्फ पडत होता.
ट्रामपर्यंत हिरवा रंग दिसत राहिला.
बाई पुन्हा ओळीकडे वळल्या, चष्मा कपाळावर ढकलला,
"नायलॉन," म्हणाल्या. "नायलॉन."